मियामोतो मुसाशी : रोनिन ते उस्ताद

जपानमध्ये विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेत नापास झालेल्या आणि पुढच्या वर्षी पुन्हा बसण्यासाठी घरी अभ्यास करणाऱ्या मुलाला 'रोनिन' म्हणतात. शाळा संपलेली, कॉलेज मिळालेले नाही, मधल्यामध्ये लटकलेला मुलगा. आपल्याकडे नीटसाठी 'रिपीट' करणारी मुले असतात, तशीच ही. पण हा शब्द मुळात रणांगणावरून आलेला आहे. 'रो' म्हणजे लाट आणि 'निन' म्हणजे माणूस. लाट नेईल तिकडे जाणारा माणूस. ज्या सामुराईचा धनी मेला, हरला किंवा ज्याची जहागीर जप्त झाली, तो सामुराई रोनिन होई.

हा शब्द समजून घेतल्याशिवाय मुसाशीची गोष्ट समजत नाही. सामुराईचा पगार तांदळात मोजला जाई. धनी गेला की तांदूळ गेला, राहते घर गेले आणि समाजातली जागाही गेली. कमरेला तलवार तेवढी उरे. हातात हुनर आहे, पण तो कोणाला नको आहे, अशी ती अवस्था.

१६०० साली सेकिगाहारा येथे मोठी लढाई झाली. तोकुगावा इएयासू जिंकला आणि १६०३ मध्ये शोगुन झाला. हरलेल्या बाजूच्या कितीतरी सरदार घराण्यांच्या जहागिऱ्या काढून घेतल्या गेल्या. पुढे १६१४-१५ मध्ये ओसाकाच्या किल्ल्याला वेढा पडला, तिथे जमलेल्या हजारो रोनिनांचा पराभव झाला आणि युद्धयुग संपले. त्यानंतर जपानने दोनशे वर्षांहून अधिक काळ मोठे युद्ध पाहिले नाही. सामान्य माणसासाठी ही रहमतच होती. पण ज्यांना लहानपणापासून फक्त लढायला शिकवले होते, त्यांचे काय? इतिहासकारांचे अंदाज सांगतात की त्या काळात रोनिनांची संख्या काही लाखांत होती. कोणी शेती केली, कोणी भाडोत्री पहारेकरी झाला, कोणी लुटारू झाला. आणि कोणी शिक्षक झाला. मुसाशी या शेवटच्या वाटेने गेला, पण तिथपर्यंत पोहोचायला त्याला अर्धे आयुष्य लागले.

लोकांना माहीत असलेला मुसाशी

आजच्या मुलांना मुसाशी ठाऊक आहे तो कॉमिक्समधून, गेममधून आणि मोबाईलवरच्या छोट्या व्हिडिओंमधून. दोन तलवारी, विस्कटलेले केस, साठ लढती, एकही हार नाही. या चित्रामागे बहुतांशी एका कादंबरीचा हात आहे. एइजी योशिकावा यांची 'मुसाशी' ही कादंबरी १९३५ ते १९३९ या काळात 'आसाही' वर्तमानपत्रात क्रमशः छापली गेली. त्यावर १९५४ ते १९५६ मध्ये तोशिरो मिफुने यांना घेऊन तीन सिनेमे निघाले. कादंबरी आणि सिनेमे दोन्ही एकाच जागी संपतात : गान्र्यू बेटावर सासाकी कोजिरो नावाच्या तलवारबाजाशी झालेल्या लढतीत.

ही लढत १६१२ सालची मानली जाते. मुसाशी वारला १६४५ मध्ये. म्हणजे लोकांच्या मनातली गोष्ट जिथे संपते, तिथून पुढे हा माणूस तेहतीस वर्षे जगला. त्या तेहतीस वर्षांत त्याने काय केले हे कोणी विचारत नाही, कारण त्यात रक्त कमी आहे. माझ्या मते खरी गोष्ट तिथेच आहे.

त्या प्रसिद्ध लढतीबद्दलही थोडे सांगायला हवे. लोकप्रिय गोष्ट अशी की, मुसाशी मुद्दाम उशिरा आला, वाटेत नावेच्या वल्ह्यापासून लाकडी तलवार कोरली आणि चिडलेल्या कोजिरोला एका घावात संपवले. ही सगळी रंगत 'नितेनकी' नावाच्या चरित्रात येते, जे १७७६ सालचे आहे. लढतीनंतर दीडशेहून अधिक वर्षांनी लिहिलेले. त्याआधी १६५४ मध्ये मुसाशीचा दत्तक मुलगा इओरी याने कोकुरा येथे एक शिलालेख उभारला. त्यात दोघे एकाच वेळी आले असे म्हटले आहे, उशिराची गोष्टच नाही. नुमाता घराण्याच्या कागदांत तर वेगळेच लिहिले आहे. दोघांनी शागीर्द आणायचे नाहीत असे ठरले होते. कोजिरोने शब्द पाळला. मुसाशीचे शागीर्द मात्र लपून आले होते, आणि पडलेला कोजिरो शुद्धीवर आल्यावर त्यांनी त्याला मारून टाकले.

यातले खरे कोणते? शिलालेख मुलाने लिहिलेला, म्हणजे तो वडिलांची बाजू घेणार. नुमाता घराण्याचा वृत्तान्तही काही दशकांनंतरचा आहे. इतिहास शिकवताना मुलांना मी हेच सांगतो की लेख कधीचा आहे आणि लिहिणारा कोणाचा आहे, हे दोन प्रश्न आधी विचारा. पण एक गोष्ट सगळ्यात बोलकी आहे. मुसाशीने स्वतःच्या हाताने जे पुस्तक लिहिले, त्यात या लढतीचा उल्लेखच नाही. कोजिरोचे नाव नाही, बेटाचे नाव नाही. जग ज्या विजयासाठी त्याला ओळखते, तो विजय त्याला सांगण्यासारखा वाटला नाही.

तिशीनंतरचा हिशेब

हे पुस्तक म्हणजे 'गोरिन नो शो', पाच चक्रांचा किंवा पाच वर्तुळांचा ग्रंथ. सुरुवातीलाच तो आपली ओळख करून देतो. आपण हारिमा प्रांतातले योद्धे, वय साठ. तेराव्या वर्षी पहिली लढत, आरिमा किहेइ नावाच्या तलवारबाजाशी. सोळाव्या वर्षी दुसरी. एकविसाव्या वर्षी राजधानी क्योतोला गेलो. अठ्ठावीस-एकोणतीस वर्षांपर्यंत साठहून अधिक लढती झाल्या आणि एकही हरलो नाही.

इथपर्यंत कोणीही पहिलवान सांगेल तशीच ही बढाई वाटते. पण लगेच पुढे तो जे लिहितो त्यासाठी या माणसाला वाचावे. तीस वर्षे झाल्यावर मागे वळून पाहिले, तेव्हा त्याला उमगले की हे विजय कलेवर पूर्ण हुकूमत आल्यामुळे मिळाले नव्हते. कदाचित अंगचे बळ असेल, कदाचित दैवाची साथ असेल, कदाचित समोरच्यांच्या पद्धतीच कच्च्या असतील. मग त्याने सकाळ-संध्याकाळ सराव सुरू ठेवला आणि पन्नाशीच्या सुमारास त्याला आपल्या विद्येचे मर्म कळले.

विचार करा. साठ वेळा जिंकलेला माणूस स्वतःलाच विचारतो की मी का जिंकलो? हरलेला माणूस हा प्रश्न विचारतोच, त्याला पर्याय नसतो. जिंकलेला सहसा विचारत नाही. त्याचा गुरूर त्याला विचारू देत नाही. परीक्षेत पहिल्या आलेल्या मुलाला 'हे उत्तर असे का आले?' असे विचारले की तो गोंधळतो, हे वर्गात नेहमी दिसते. उत्तर बरोबर आले, मार्क मिळाले, विषय संपला. पण ज्याला 'का' सांगता येत नाही, त्याला दुसऱ्याला शिकवता येत नाही. लढवय्या आणि उस्ताद यांच्यात एवढाच फरक आहे, आणि तो पार करायला मुसाशीला वीस वर्षे लागली.

ही वीस वर्षे तो काय करत होता, याचे तुटक धागेच हाती लागतात. तो हिमेजी आणि आकाशी या ठिकाणच्या सरदारांच्या आश्रयाला होता. आकाशीचे नगर वसवण्यात आणि तिथल्या मंदिरांच्या बागा आखण्यात त्याचा हात होता, असे तिथली परंपरा सांगते. त्याने दोन मुले दत्तक घेतली. थोरला मिकिनोसुके हिमेजीच्या होंदा तादातोकीच्या नोकरीत होता. १६२६ मध्ये तादातोकी तरुणपणीच वारला, तेव्हा त्या काळच्या रिवाजाप्रमाणे मिकिनोसुकेने धन्यामागे आपला जीव दिला. धाकटा इओरी ओगासावारा घराण्याच्या सेवेत गेला आणि विशीतच त्या दरबाराचा मोठा कारभारी झाला. बाप आयुष्यभर कोणाचा नोकर झाला नाही. एक मुलगा निष्ठेपायी मेला, दुसरा दरबारात चढत गेला. एका घरात त्या काळाच्या तिन्ही वाटा दिसतात.

१६३७-३८ मध्ये शिमाबारा येथे ख्रिस्ती शेतकऱ्यांचा आणि रोनिनांचा उठाव झाला. तो मोडायला गेलेल्या फौजेत पन्नाशी उलटलेला मुसाशी होता. किल्ल्यावरून फेकलेल्या दगडाने त्याची नडगी जखमी झाली, असे त्याचे स्वतःचे पत्र सांगते. साठ लढतींत न हरलेला माणूस कोण्या शेतकऱ्याने टाकलेल्या दगडाने जायबंदी झाला. युद्धात हुनराची किंमत किती असते, हे त्या दगडाने त्याला नक्कीच शिकवले असेल.

कुमामोतोचा पाहुणा

१६४० साली क्यूशू बेटावरच्या कुमामोतोचा सरदार होसोकावा तादातोशी याने मुसाशीला बोलावून घेतले. नोकर म्हणून नव्हे, सन्माननीय पाहुणा म्हणून. मानधन दिले, राहायला घर दिले. तादातोशीसाठी मुसाशीने १६४१ मध्ये पस्तीस कलमांचे एक टिपण लिहिले. त्याच वर्षी तादातोशी वारला. कदर करणारा माणूस भेटला आणि वर्षभरात गेला. पण मुसाशी कुमामोतोतच राहिला, शागीर्द शिकवत राहिला, शाईची चित्रे काढत राहिला. वाळक्या फांदीवर बसलेल्या खाटीक पक्ष्याचे त्याचे चित्र आज जपानमध्ये महत्त्वाची सांस्कृतिक संपदा म्हणून जपले जाते. एकच लांब, सरळ फांदी, टोकाला पक्षी, बाकी कागद कोरा.

१६४३ च्या शरद ऋतूत तो रेइगान्दो नावाच्या गुहेत जाऊन बसला आणि 'गोरिन नो शो' लिहायला घेतला. पृथ्वी, पाणी, अग्नी, वारा आणि शून्य अशी त्याची पाच प्रकरणे. सुमारे दीड वर्षाने, १६४५ मध्ये, त्याने ते हस्तलिखित तेराओ मागोनोजो या शागीर्दाला दिले आणि सात दिवसांनी तो वारला. मूळ प्रत आज उरलेली नाही. शागीर्दांच्या नकलांमुळे ग्रंथ टिकला. शिक्षकाचे काम असेच टिकते. मूळ हरवते, नकला चालू राहतात.

पुस्तक तलवारीचे आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. त्यात माणूस कसा मारावा हे सरळ लिहिले आहे. गेल्या पन्नास वर्षांत पाश्चात्त्य देशांत ते मॅनेजमेंटचे पुस्तक म्हणून खपले, ही त्याची थोडी गंमतच आहे. मला त्यात जे सापडले ते तिसरेच. मला ते शिकवण्याबद्दलचे पुस्तक वाटते.

सुताराचा दाखला

पहिल्याच प्रकरणात मुसाशी सेनापतीची तुलना मुख्य सुताराशी करतो. मुख्य सुतार लाकूड निवडतो. सरळ, गाठी नसलेले, देखणे लाकूड दर्शनी खांबांना. थोड्या गाठी असलेले पण सरळ आणि मजबूत लाकूड मागच्या खांबांना. किंचित कमकुवत पण दिसायला सुंदर असेल ते चौकटीला आणि दारांना. वाकडे, गाठाळ पण दणकट असेल तर त्याचीही घरात जागा आहे, नीट पाहून तिथे लावायचे. जे अगदीच कमकुवत आणि गाठाळ असेल ते बांधकामाच्या परांचीला वापरायचे, आणि सरपण करायचे ते सगळ्यात शेवटी.

कारागिरांबद्दलही तेच. कोण किती जाणतो हे ओळखून कोणाला जमीन, कोणाला दारे, कोणाला छत द्यायचे. ज्याला अजून फारसे येत नाही त्याला पाचरी तासायला बसवायचे. कोणाचे मन कधी चढते आणि कधी खचते, कोणाकडून कुठपर्यंत अपेक्षा ठेवायची, हे मुख्य सुताराला कळले पाहिजे.

बी.एड.ला आम्हाला 'वैयक्तिक भिन्नता' नावाचा घटक होता. त्यावर दहा मार्कांचा प्रश्न हमखास यायचा. सोळाव्या-सतराव्या शतकातल्या एका तलवारबाजाने तो घटक लाकडाच्या भाषेत इतका साफ सांगितला आहे की वेगळी व्याख्या पाठ करायची गरज पडू नये. वर्गात पन्नास-साठ मुले असतात. गाठ नसलेले लाकूड दोन-चार. ते कोणीही लावेल. गाठाळ लाकडाची जागा शोधणे हे उस्तादाचे काम. आणि सरपण हा शेवटचा पर्याय आहे, पहिला नाही, हे विसरणारे शिक्षक मी खूप पाहिले आहेत.

'वारा' या प्रकरणात तो दुसऱ्या घराण्यांवर टीका करतो. त्या काळी तलवारीच्या शाळांत 'आतली विद्या' आणि 'बाहेरची विद्या' असा भेद असे. गुप्त डाव खास शागीर्दाला, तेही शपथपत्र लिहून घेऊन. मुसाशी म्हणतो की प्रत्यक्ष लढताना आतले-बाहेरचे असे काही नसते. नवीन मुलाला आधी त्याला लवकर जमेल ते शिकवावे. त्याची समज कुठपर्यंत आली ते पाहत पाहत पुढचे, खोल जाणारे द्यावे. त्यासाठी आपण शागीर्दाकडून शपथपत्रे घेत नाही. विद्येचा बाजार मांडणाऱ्यांवरही त्याने कोरडे ओढले आहेत : फळापेक्षा फुलाचा देखावा मोठा झाला आहे, अशी त्याची तक्रार आहे. आजच्या क्लासेसच्या जाहिराती त्याने पाहिल्या असत्या तर आणखी एक प्रकरण लिहिले असते.

एका मुद्द्यावर मात्र माझे त्याच्याशी जमत नाही. तो म्हणतो की तलवारीचे मर्म मी इतर सर्व कलांना लावले, म्हणून मला कोणत्याच गोष्टीत गुरू नाही. पण त्याचे वडील मुनिसाई स्वतः शस्त्रविद्येत नावाजलेले होते, आणि लहान मुसाशीने घरात जे पाहिले ते कुठे जाईल? ज्यांना त्याने हरवले, तेही एका अर्थी त्याचे शिक्षकच. आपल्याकडे उस्तादाचे नाव घेताना कानाला हात लावतात. ती अदब मुसाशीकडे कमी पडली, असे मला वाटते.

दुसरा उस्ताद

मुसाशी वारल्यानंतर सहा वर्षांनी, १६५१ मध्ये, एदो शहरात आणखी एका शिक्षकाचे नाव गाजले. युई शोसेत्सु. तोही युद्धशास्त्र शिकवायचा, त्याच्याकडेही शागीर्दांची गर्दी असे आणि त्यात रोनिन पुष्कळ होते. शोगुन इएमित्सु वारला, वारस लहान होता. शोसेत्सु आणि भालाफेकीत नव्हे, तर भाल्याने लढण्यात निष्णात असलेला त्याचा साथी मारुबाशी चुया यांनी एदोला आग लावून सत्ता उलथण्याचा कट केला. कट फुटला. चुया पकडला गेला, शोसेत्सुने वेढा पडल्यावर आत्महत्या केली.

सरकारने कटवाल्यांना कठोर शिक्षा दिल्या, हे अपेक्षितच होते. पण त्यापुढे सरकारने जे केले ते लक्षात ठेवण्यासारखे आहे. इतके रोनिन येतात कुठून, हा प्रश्न विचारला गेला. सरदार निपुत्रिक मेला की घराणे बुडायचे आणि त्याचे सगळे सामुराई रस्त्यावर यायचे. मरणशय्येवर दत्तक घ्यायला मनाई होती. त्याच वर्षी ही मनाई सैल केली गेली आणि पन्नाशीच्या आतल्या सरदाराला शेवटच्या क्षणीही दत्तक घेता येऊ लागला. घराणी बुडण्याचे प्रमाण घटले आणि नवे रोनिन तयार होणे कमी झाले.

मला या दोन उस्तादांची गोष्ट शेजारी ठेवून वाचावीशी वाटते. दोघांकडे हुनर होते, दोघांकडे शागीर्द होते. एकाने स्वतःच्या विजयाकडे संशयाने पाहिले आणि उरलेले आयुष्य ते समजून घेण्यात घालवले. दुसऱ्याने आजूबाजूच्या बेकार हातांमधला राग पाहिला आणि त्याला आग दिली. शोसेत्सुला नुसते खलनायक ठरवणे सोपे आहे. पण तो राग त्याने निर्माण केला नव्हता. तो राग कायद्याने निर्माण केला होता, आणि कायदा बदलल्यावरच तो ओसरू लागला. माणसाने स्वतःला घडवावे, हे मुसाशी शिकवतो. माणसे रस्त्यावर येणार नाहीत अशी व्यवस्था घडवावी, हे १६५१ साल शिकवते. एक धडा घेऊन दुसरा सोडला तर अर्धाच इतिहास हाती लागतो.

या दोघांशिवाय तिसरेही होते, ज्यांची नावे राहिली नाहीत. एदो काळात जपानभर 'तेराकोया' नावाच्या छोट्या शाळा पसरल्या. भिक्षू, वैद्य, गावातले शिकलेले लोक तिथे शिकवत, आणि त्यांच्यात रोनिनही होते. शेतकऱ्यांच्या आणि दुकानदारांच्या मुलांना अक्षरे गिरवायला लावणे, पत्र लिहायला शिकवणे, मण्यांच्या चौकटीवर हिशेब करायला शिकवणे, हे त्यांचे काम. ज्या हाताला तलवारीचे घट्टे पडले होते, तो हात मुलाच्या हातातला कुंचला धरून अक्षर काढायला शिकवत होता. त्यांच्यावर कादंबरी नाही, सिनेमा नाही. पण पुढे जपानमध्ये सामान्य माणूस वाचू-लिहू लागला, त्यात या माणसांचा वाटा आहे.

मराठीत तालमीतल्या गुरूला 'वस्ताद' म्हणतात. हा शब्द फारसी-उर्दूतल्या 'उस्ताद'मधूनच आला. आणि 'तालीम' या अरबी शब्दाचा अर्थ उर्दूत शिक्षण, तर मराठीत आखाडा. आपल्या दोन्ही भाषांनी मिळून केव्हाच मान्य केले आहे की अंग कमावणे आणि इल्म कमावणे या शेजारच्या खोल्या आहेत. मुसाशी एका खोलीतून दुसऱ्या खोलीत गेला.

आज डी.एड., बी.एड. करून, पात्रता परीक्षा देऊन भरतीची वाट पाहणारे हजारो तरुण आपल्या आजूबाजूला आहेत. मुस्लीम वस्त्यांमध्ये तर घरटी एखादा सापडेल. त्यांच्याकडे हुनर आहे, धनी नाही. त्यांना 'मुसाशीसारखे व्हा' असा उपदेश करून मोकळे होणे बेइमानी ठरेल. जागा भरणे हे सरकारचेच काम आहे आणि ते मागत राहिले पाहिजे. पण मोहल्ल्यात संध्याकाळी चार मुले घेऊन बसायला कोणाच्या नेमणुकीचे पत्र लागत नाही. नाव राहणार नाही, पगार मिळणार नाही. अक्षर मात्र त्या मुलांच्या हातात राहील.